शिक्षक-ग्रंथपाल : शिकायचे काय आणि शिकवले जाते काय

हिवरा आश्रम हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले गाव. शुकदास महाराजांनी १९६५ साली येथे विवेकानंद आश्रम सुरू केला. पुढे आश्रमाच्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आणि विवेकानंद जयंतीला बसणाऱ्या महापंगतीने गावाचे नाव विदर्भभर झाले. उघड्या शेतात माणसांच्या रांगाच रांगा बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून आणून वाढतात. अशा पंगतीत अन्न शिजवणे आणि ते कोठीत नीट राखणे हा अर्धा भाग झाला. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पानात ते वेळेवर पडणे हा उरलेला अर्धा. कोठीवाल्याचे आणि वाढप्याचे कसब वेगवेगळे असते. कोठीवाल्याला मोजता यावे लागते. वाढप्याला पाहता यावे लागते : कोणाचे पान रिकामे आहे, कोण लाजून मागत नाही.

शाळेच्या ग्रंथालयाचा विचार करताना ही पंगत आम्हाला वारंवार आठवते. आपल्याकडे शिक्षकाच्या हाती ग्रंथालय सोपवतात ते कोठी म्हणून. त्यासाठी जे शिक्षण मिळू शकते तेही बहुतांशी कोठीचेच आहे. शाळेत शिकवणाऱ्या आणि ग्रंथालयही सांभाळणाऱ्या माणसाने नेमके काय शिकायला हवे, आणि आज त्याला काय शिकवले जाते, याची झडती घ्यावी म्हणून हा लेख.

प्रथम हा माणूस येतो कोठून ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्र, नियतकालिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असतील, असे म्हटले आहे. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षक सांगितले आहेत. ग्रंथपाल मात्र कोठेच नाही. म्हणजे कायद्याने पुस्तके दिली, माणूस दिला नाही. माध्यमिक शाळांत पद आहे, पण ते पटाशी बांधलेले. मोठ्या शाळेला पूर्णवेळ, मधल्या शाळेला अर्धवेळ आणि लहान शाळेला काहीच नाही. खेड्यातल्या बहुतेक शाळा या शेवटच्या गटातल्या. तेथे ग्रंथालयाचा 'चार्ज' कोणा शिक्षकाकडे जातो. तो शिक्षक बहुधा भाषेचा असतो, किंवा नुकताच बदलून आलेला, ज्याला नाही म्हणता येत नाही.

हे दुखणे नवे नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली आपल्या अहवालात शालेय ग्रंथालयांबद्दल फार कडक शब्द वापरले होते. पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली, आणि ती सांभाळणारा एखादा कारकून किंवा उरलेल्या वेळात हे काम करणारा शिक्षक, ज्याला पुस्तकांचे प्रेमही नाही आणि ग्रंथालयाच्या तंत्राची माहितीही नाही, असा त्याचा आशय होता. सत्तर वर्षांनंतर हा उतारा एखाद्या तपासणी अहवालात घातला तर तो जुना आहे हे कोणाच्या लक्षात येणार नाही. आयोगाचे निरीक्षण आम्हाला मान्य आहे. एका शब्दाबद्दल मात्र तक्रार आहे, तो म्हणजे प्रेम. आमच्या ओळखीच्या अनेक शिक्षकांचे पुस्तकांवर मनापासून प्रेम आहे. तरीही त्यांच्या कपाटाला कुलूप आहे. त्याचे कारण भीती.

चार्ज घेताना शिक्षक दाखल नोंदवहीवर सही करतो. चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावे लागते. कमी भरले तर भरपाई कोणी करायची, हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि न सांगितलेल्या नियमाची भीती लिहिलेल्या नियमापेक्षा मोठी असते. मग सुरक्षित मार्ग एकच उरतो. पुस्तक द्यायचेच नाही. आमच्यापैकी एकाने एका शाळेतला चार्ज घेतला तेव्हा आधीच्या गुरुजींनी अभिमानाने सांगितले की अकरा वर्षांत एकही पुस्तक हरवलेले नाही. पुस्तके उघडली तेव्हा पुष्कळांची पाने एकमेकांना चिकटलेली होती आणि खालच्या खणात वाळवीने घर केले होते. म्हणजे हरवली नव्हती हे खरेच.

आता याच बाबतीत केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम काय म्हणतात ते पाहण्यासारखे आहे. २०१७ च्या नियमांनुसार वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र झालीच पाहिजे. हे नियम केंद्राच्या कार्यालयांचे आहेत, आपल्या शाळांना ते आपोआप लागू होत नाहीत. पण सरकारी हिशेबाची दृष्टीसुद्धा पुस्तक हरवणे हे वापराचे अंग मानते, हे त्यातून दिसते. थोडे गणित करू. दोनशे मुलांची शाळा, प्रत्येक मूल आठवड्याला एक पुस्तक नेते आणि वर्षात असे तीस आठवडे मिळतात. एकूण देवघेव सहा हजार. हजारी पाचाने तीस पुस्तके गेली तरी ते वाजवी. मुलांच्या पुस्तकाची किंमत सरासरी ऐंशी रुपये धरली तर हे नुकसान दोन हजार चारशे रुपयांचे. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळेच्या पातळीनुसार पाच हजार ते वीस हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदान ठरवण्यात आले. त्याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी. सहा हजार वेळा पुस्तक मुलाच्या हाती पडण्याची ही किंमत आहे. निर्लेखन कसे करायचे, त्याचा ठराव कसा लिहायचा आणि मुख्याध्यापकांची सही कोठे घ्यायची, हे शिक्षक-ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाचे पहिले प्रकरण असले पाहिजे असे आम्हाला वाटते. ते बहुधा शेवटचे असते, किंवा नसतेच.

आता प्रशिक्षणाकडे वळू. मेहकरच्या बाजूच्या शिक्षकाला ग्रंथालयशास्त्र शिकायचे असेल तर वाटा आहेत. जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत प्रमाणपत्र वर्ग चालत आले आहेत, अमरावती विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाची सोय केली आहे. या अभ्यासक्रमांत वर्गीकरण, तालिकीकरण, व्यवस्थापन, संदर्भसेवा आणि अलीकडे संगणक हे विषय असतात. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. सार्वजनिक ग्रंथालयासाठी आणि महाविद्यालयासाठी ते योग्यच आहेत. आक्षेप इतकाच की त्यांत मूल नाही. दुसऱ्या बाजूला डी.एड. आणि बी.एड. मध्ये मूल आहे, पण ग्रंथालय एखाद्या टिपेपुरते. शिक्षक-ग्रंथपाल या दोन अभ्यासक्रमांच्या मधल्या फटीत पडतो.

आमच्यापैकी दुसऱ्या एकाने उन्हाळ्याच्या सुटीत असा एक वर्ग केला. परीक्षेत रंगनाथनांचे पाच नियम क्रमाने लिहिले, तालिकापत्रही नीट लिहिले. त्या वर्षी, म्हणजे २०१७ च्या अखेरीस, विदर्भात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीचा फडशा पाडला होता. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, बोंडअळीवर पुस्तक आहे का?" शास्त्र शिकून आलेल्या या शिक्षकाने दशांश वर्गीकरण उघडले. अळी हा पतंगाचा बाल्यावस्थेतला कीटक, तेव्हा कीटकांचा क्रमांक ५९५.७. पण ती पिकावरची कीड म्हणून ६३२.७. कापूस हे पीक म्हणून ६३३.५१. बीटी बियाणे असूनही अळी का आली हे हवे असेल तर जैवतंत्रज्ञान, म्हणजे ६६०.६. आणि त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले होते, तो विषय ६१५.९. एका मुलाचा एक प्रश्न, आणि त्याचे उत्तर पाच ठिकाणी विखुरलेले. शाळेत एकूण चारशे पुस्तके. या पाच क्रमांकांपैकी प्रत्यक्षात दोनच क्रमांकांची पुस्तके कपाटात होती, आणि त्यातले एक बीटी बियाणे येण्याआधीचे.

यातून वर्गीकरण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढायचा नाही. उलट हा विखुरलेपणाच विज्ञान शिकवण्याची संधी आहे. निसर्गात अळी एकच असते. प्राणिशास्त्रज्ञ, शेतकरी, बियाणे कंपनी आणि डॉक्टर तिच्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात म्हणून ती पाच खणांत बसते. मुलाला पाचही खणांपाशी नेले तर त्याला अळी कळते आणि ज्ञान कसे विभागलेले आहे तेही कळते. पण वर्गात हे शिकवलेच नव्हते. तेथे शिकवले होते ते पुस्तकाला क्रमांक द्यायचे. मुलाच्या प्रश्नाला क्रमांक कसे द्यायचे हे नव्हे.

रंगनाथनांचे नाव निघाले आहे म्हणून थोडे विषयांतर. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक. अध्यापनाची पदवी घेतलेले, मंगळूर, कोइमतूर आणि मद्रासच्या महाविद्यालयांत शिकवलेले. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ओसाड ग्रंथालयातला तो एकांत त्यांना सोसवेना आणि आपल्याला पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून त्यांनी विनवणी केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आधी इंग्लंडला जाऊन या, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. तेथे त्यांनी पाहिले की ग्रंथालयात मुले येतात, कामगार येतात, घरच्या बायका येतात. शिकवण्याचे काम येथेही आहे हे त्यांना उमगले. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून, मोजक्या सुट्या भागांतून हव्या त्या रचना करता येतात तशी विषयांचीही करता येईल, हे त्यांना सुचले आणि १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. भारतातला सर्वांत मोठा ग्रंथपाल हा असा शिक्षक-ग्रंथपालच होता. त्यांचे पाच नियम आपण दोन गुणांच्या प्रश्नासाठी पाठ करून घेतो. पुस्तक वापरण्यासाठी असते हा त्यातला पहिला. कुलूपबंद कपाटाशेजारी बसून तो घोकण्यात काही विसंगती आहे हे कोणाला जाणवत नाही, याचेच नवल वाटते.

वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलही एक नियम आहे. तो शाळेत कसा मोडतो पाहा. तासिका पस्तीस मिनिटांची, मुले चाळीस. गुरुजी टेबलाशी बसून वहीत तारीख, नाव, दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, सही असे लिहितात. एका मुलाला एक मिनिट धरले तरी तास संपला आणि पाच मुले उरली. पुस्तक चाळून पाहायला कोणालाच वेळ मिळाला नाही. म्हणून गुरुजी पुढच्या वेळी हाताला येईल ते पुस्तक वाटून टाकतात. याला उपाय आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा, त्यात त्या पुस्तकाचे कार्ड. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक लहान पाकीट. पुस्तक नेताना त्याचे कार्ड काढून मुलाच्या पाकिटात घालायचे आणि तारखेच्या पट्टीमागे लावून ठेवायचे. परत आले की कार्ड पुन्हा पुस्तकात. लिहायचे काही नाही, आणि ही देवघेव पाचवीच्या मुली गुरुजींपेक्षा नीट करतात. ब्राऊन पद्धती म्हणून हे पुस्तकांत शिकवतात. रद्दी कागदाची खळ लावून ते खिसे करायला मात्र कोणत्याही वर्गात हात लावू देत नाहीत. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाबद्दल आपली जी तक्रार असते तीच येथे आहे. सगळे आकृतीत.

गुरुजींचे हात असे मोकळे झाले तर ते कशासाठी वापरायचे? येथे लोणारचे उदाहरण घेऊ, कारण ते सरोवर हिवऱ्याहून जवळच आहे आणि आपल्या भागातले प्रत्येक मूल कधी ना कधी तेथे गेलेले असते. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. त्याचे वय किती? शाळांच्या कपाटांतल्या जुन्या पुस्तकांत पन्नास हजार वर्षांच्या आसपासचा आकडा सापडतो. २०११ साली आरगॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे असल्याचे दाखवले. दहापटीहून अधिक फरक. आता जुने पुस्तक ठेवायचे की काढायचे? ग्रंथालयशास्त्रात याला छाटणी म्हणतात आणि कालबाह्य पुस्तक काढावे असे सांगतात. आमचे मत वेगळे आहे. ते ठेवावे, त्यात एक चिठ्ठी चिकटवावी आणि नवा आकडा, मापनाची रीत व वर्ष लिहावे. विज्ञानातला आकडा बदलतो, आणि तो कोणाच्या लहरीने नव्हे तर नव्या मापनाने बदलतो, हे दाखवणारे याहून स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही. (औषधांची, विजेची आणि कीटकनाशकांची जुनी पुस्तके मात्र निर्दयपणे काढावीत. तेथे चिठ्ठीवर भागत नाही.)

याच सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. शाळा तेव्हा बंद होत्या. पुन्हा भरल्या तेव्हा मुलांनी पहिल्या आठवड्यात विचारलेल्या प्रश्नांत हा एक होता. कोणत्याही पुस्तकात उत्तर नव्हते, असणार कसे? पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले होते, आणि ती बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली होती. ज्या शिक्षकाने ती कापून, तारीख घालून 'लोणार' नावाच्या लखोट्यात ठेवली त्याच्या ग्रंथालयात उत्तर होते. पाणी आटले, क्षार वाढले, जीव वाढले, आणि पाऊस पडल्यावर रंग का ओसरला, एवढे सगळे एका कात्रणावरून मुलांकडून काढून घेता येते. कायद्याने शाळेत वर्तमानपत्र आणायला सांगितले ते कशासाठी, याचे हे उत्तर. बहुतेक शाळांत ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते आणि तेथूनच रद्दीत जाते.

कात्रणे ठेवण्याच्या बरोबरीचे दुसरे कसब म्हणजे संदर्भग्रंथ वापरायला शिकवणे. मराठी विश्वकोशाचे खंड पुष्कळ शाळांत आहेत, आता तो संगणकावरही मिळतो. पण 'क्ष-किरण' कोठे शोधायचा? क च्या पोटात की वर्णमालेच्या शेवटी? 'ज्ञ' चे तसेच, आणि अनुस्वार असलेला शब्द आधी की नंतर? वेगवेगळे कोश वेगवेगळी रीत पाळतात. आम्ही शिक्षकांच्या एका शिबिरात वीस शब्द देऊन ते कोशाच्या क्रमाने लावायला सांगितले. कोणाचीही दोन उत्तरे जुळेनात आणि वादावादीत चहा गार झाला. ज्याला स्वतःला कोशात शब्द सापडत नाही तो मुलाला कोशाकडे पाठवणार नाही. तो उत्तर सांगून मोकळा होईल, किंवा मोबाइलवर शोधून दाखवील, ज्यात क्रमाचा प्रश्नच येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट. वाढप्याने अन्न चाखलेले असावे. शिक्षक-ग्रंथपालाने आपल्या कपाटातली मुलांची निदान शंभर-दीडशे पुस्तके स्वतः वाचलेली असावीत. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षीचे सगळे अंक वाचले? या प्रश्नावर आम्हीही मान खाली घालतो. आमच्या माहितीतल्या कोणत्याही ग्रंथालय-अभ्यासक्रमात बालसाहित्याचे वाचन हा सक्तीचा आणि गुण असलेला भाग नाही. मोठ्याने वाचून दाखवणे, पुस्तकाची पाच मिनिटांत ओळख करून देणे, वाचायला मागे पडलेल्या आठवीच्या मुलाला 'लहान मुलांचे' न वाटेल असे सोपे पुस्तक शोधून देणे, ही कसबे कोठेही तपासली जात नाहीत.

बाहेर काय आहे? ऑस्ट्रेलियात शिक्षक-ग्रंथपाल म्हणजे अध्यापन आणि ग्रंथालयशास्त्र या दोन्हींत पात्रता मिळवलेला माणूस, अशी रूढ व्याख्या आहे. इतके लांब जायचे नसेल तर टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने शालेय ग्रंथालयासाठी माणसे तयार करणारा अभ्यासक्रम चालवला आणि त्यात गोव्याच्या 'बुकवर्म' या संस्थेचा हातभार लागला. मूल, पुस्तक आणि त्यांना एकत्र आणणारा मोठा माणूस हा त्याचा गाभा. आम्हाला त्याची दिशा योग्य वाटते. शंका आहे ती पोहोचण्याची. चार शिक्षकी शाळेतल्या माणसाला महिनोनमहिने असा अभ्यास करायला कोण मोकळे करणार?

बडोद्याचा दाखला याहून आमच्या परिस्थितीला जवळचा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. दुसऱ्याच वर्षी तेथे ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, देशातला पहिला. खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. पेट्या आणि त्या वापरणारी माणसे या दोन्ही गोष्टी बडोद्याने एकदमच तयार केल्या. आपण पेट्या पाठवतो. योगायोग असा की २०१८ चे एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आधी हिवरा आश्रमाला भरणार म्हणून जाहीर झाले होते. वाद झाला, आश्रमाने माघार घेतली आणि संमेलन बडोद्याला गेले. तो वाद आमच्या विषयाचा नाही. पण पुस्तकांची ती मोठी जत्रा आपल्या तालुक्यातून हुकली म्हणून हळहळणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारले होते, की जत्रेतून घेतलेली पुस्तके कोणत्या शाळेत कोणाच्या हवाली केली असती?

एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून शिक्षकाला वेळ कोठे? त्याच्यावर हे आणखी एक ओझे कशाला? पद निर्माण करा, ग्रंथपाल नेमा, हीच मागणी बरोबर आहे आणि शिक्षक संघटनांनी ती सोडू नये. पण पद येईपर्यंत चार्ज कोणाकडे तरी राहणारच. आठवड्याला दोन तासिका वेळापत्रकात ग्रंथालयाच्या नावाने मिळणे, जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत पाच दिवसांचे हाताने करायचे शिबिर होणे आणि निर्लेखनाचा लेखी नियम शाळेत लावलेला असणे, एवढे तर अनुदानाशिवायही होऊ शकते. आमच्या मते हे काम भाषेच्या शिक्षकाइतकेच विज्ञानाच्या शिक्षकाचेही आहे. गुरुजींनी वर्गात सांगितलेले खरे का, हे मुलाला पडताळून पाहता येईल अशी शाळेतली जागा तीच.

मेहकरच्या बाजूच्या एका लहान शाळेत आमच्या एका सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी कपाटांची दारे बिजागरीतून काढून ठेवली. पुस्तके व्हरांड्यात, मुलांच्या हाताच्या उंचीवर. पहिल्या सहामाहीत चार गेली. दिवाळीनंतर दोन परत आली, एकाला हळदीचा डाग होता आणि ते मुलीच्या आजीने वाचायला ठेवून घेतले होते. उरलेल्या दोहोंची नोंद 'गहाळ' अशी करून मुख्याध्यापकांची सही घेतली आहे. काढलेली दारे अजून विज्ञानाच्या खोलीत भिंतीशी उभी आहेत, कारण ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत आहेत.